तिसऱ्या वावावर

दिवाळ्याच्या जेट्टीवरून पहाटे चारला सुटलो.
पौषातली अष्टमी, पाण्याला भांग,
होडीत मी, हसुरामकाका, पेजेचा डबा
आणि रबाळ्याची कंपनी बंद झाली त्या दिवशी
लॅबमधून साहेबाला विचारून आणलेली
पाऱ्याची नळी.

"खारीला ताप आलाय काय गो?"
काका म्हणाला.
मी म्हटलं, तेच बघायचंय.

दोरीला दर वावाला गाठ मी घरीच मारली होती.
पहिला आठवडाभर फसले.
नळी खाली सोडायची, शंभरपर्यंत मोजायचं, वर ओढायची,
आणि दरवेळी आकडा तोच,
हाताशी खेळणाऱ्या वरच्या पाण्याचा.
खाली तिला जे कळायचं
ते वर येता येता ती गिळून टाकायची,
सासरचं सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून
"बरंय" म्हणत घरात येणाऱ्या लेकीसारखी.

मग खोकल्याच्या औषधाची बाटली घेतली.
बुडाला वजन, तोंडाला बूच,
बुचाला वेगळी सुतळी.
पाहिजे त्या गाठीला थांबायचं, सुतळीला हिसका द्यायचा.
वर बुडबुडे फुटले की समजायचं
खालचं पाणी आत आलं.
चटचट ओढायचं, नळी बाटलीत बुडवायची,
टॉर्च दातात धरून वाचायचं.

एक वाव: बावीस.
दोन वाव: बावीस, वर जेमतेम एक रेघ.
तीन वाव: साडेचोवीस.

मी पुन्हा मोजलं. साडेचोवीस.
वर माघाआधीची थंडी, पलीकडे उलव्याचे दिवे कुडकुडतायत,
आणि खाली, जड खाऱ्या पाण्याच्या गोधडीत
कुणीतरी अजून झोपलेलं.

काका माझ्या वहीकडे बघतही नव्हता.
त्याने आपलं शिसं तळाला टेकवलं,
दोन बिड्या होतील इतका वेळ ठेवलं,
भराभर ओढून गालाला लावलं.
उजव्या गालाला.
डावा भादव्यात गेला,
तोंडाची एक बाजू आणि एका डोळ्याचं पाणी घेऊन.
पन्नास वर्षं मोजलं ते डाव्याने.
उजवा, म्हणतो, अजून शिकाऊ हाय,
कदी कदी लबाड बोलतो.

"जिताडा खाली हाय," तो म्हणाला. "तीन वाव."

मी वही मिटली.

नाल्याच्या तोंडाशी आलो तेव्हा
मी बाटली पुन्हा सोडली. एकाच वावाला एकतीस.
पाण्यावर साबणासारखा फेस, वास घशात बसणारा.
एवढ्या थंडीत एवढं ऊबदार पाणी,
कोणत्याही माशाला मोह पडावा असं.
काकाने इथे शिसं काढलंच नाही.
वल्हं घट्ट धरून नुसता पुढे गेला,
ओळखीच्या घरासमोरून
मान खाली घालून जावं तसा.

पुलाच्या चौथ्या खांबाआड थांबलो.
गळाला जिवंत कोळंबी, दोरी तिसऱ्या गाठीला अडकवलेली.
पेज कोमट झाली होती. ती किती, ते मोजलं नाही.

मग त्याने शिसं पुन्हा सोडलं, ओढलं,
आणि आपल्या गालाकडे न नेता
माझ्यापुढे धरलं.
"लाव."

ओलं, खारट, जड.
मला आधी फक्त माझाच गाल कळला,
वाऱ्याने गारठलेला.
मग हळूहळू त्याच्यापलीकडचं काहीतरी.

"बोल."
"वरच्यापरीस… कमी गार."
"किती?"

आयुष्यात पहिल्यांदा काकाने आकडा विचारला होता,
आणि माझ्याकडे तो नव्हता.
तो अर्ध्या तोंडाने हसला.
उरलेल्या अर्ध्यात काय होतं, कुणास ठाऊक.

जिताडा त्या दिवशी आला नाही.
दोन शिंगाळे आले, एक पिल्लू होता, सोडला.
उन्हं आल्यावर परतलो.
वहीत तिसऱ्या वावापुढे साडेचोवीस लिहिलंय,
पेन्सिल ओली होती, नीट उमटलेलं नाही.

जेट्टीवर उतरताना लक्षात आलं,
शिसं अजून माझ्याच मुठीत होतं,
मुठीइतकंच गरम झालेलं.